अकरा नंबरचे पाहुणे

"काका, तुम्ही इकडून कुठं? मागचं गेट उघडंय की."

गेटवर बसणारी बाई हे सवयीनं बोलून गेली. गेली नऊ वर्षं ती त्यांना रोज सकाळी मागच्या गेटातून सायकल ढकलत आत जाताना बघत होती. आज ते समोरच्या मोठ्या गेटवर आले होते, तेही भाड्याच्या मोटारहोममध्ये, म्हणजे चाकांवरच्या घरात, इस्त्रीचा शर्ट घालून. गाडी लेक चालवत होती. मागच्या बाकावर बायको होती आणि तिच्या मांडीवर आता न मावणारी सहा वर्षांची नात.

"आज समोरूनच," पानेकाका म्हणाले. "बुकिंग बघ. अकरा नंबर, दोन रात्री. लेकीच्या नावावर आहे."

बाईनं कॉम्प्युटरमध्ये बघितलं, त्यांच्याकडे बघितलं, परत कॉम्प्युटरमध्ये बघितलं. मग म्हणाली, "साहेबांना बोलावते हं एक मिनिट. माझ्यावर नको बाई."

मॅनेजर आला. वयानं लेकीएवढाच असेल. रिसॉर्टवर येऊन त्याला तीन वर्षं झाली होती आणि या तीन वर्षांत तो कुणावर एकदाही ओरडला नव्हता. गोड बोलून तो माणसाला उन्हातून सावलीत आणायचा आणि मग सावलीतच उभं ठेवायचा.

"अहो काका! आधी सांगायचं नाही का? तुम्हाला चौपन्न नंबर देतो. भिंतीपाशी आहे, एकदम शांत."

"चौपन्नला दुपारभर ऊन भाजून काढतं, आणि नळाला धार नाही. त्याची तक्रार मीच लिहून दिलीय तुम्हाला."

"ते करू हो आपण. पण अकरा म्हणजे अगदी तळ्याकाठ. तिथली मंडळी तुम्हाला कामावर बघतात. त्यांना जरा अवघडल्यासारखं होतं."

"मला नाही होत," पानेकाका म्हणाले.

मागं दोन गाड्या येऊन थांबल्या होत्या. लेकीनं आरशात बघितलं आणि खालच्या आवाजात म्हणाली, "बाबा, चौपन्न तर चौपन्न. कशाला उगाच?"

"अकराचे पैसे भरलेत, अकरालाच जायचं."

मॅनेजरनं हसू तसंच ठेवलं. "ठीक आहे. मग निदान ओळखपत्र तरी गळ्यात असू द्या, काका. आवारात स्टाफनं ते घालायचं असा नियमच आहे."

पानेकाकांनी खिशातून घडी केलेला कागद काढला आणि खिडकीच्या काचेवर सपाट धरला. "रजेचा अर्ज. आजपासून तीन दिवस मंजूर. सही तुमची आहे, साहेब. आजपासून तीन दिवस मी स्टाफ नाही. पाहुण्यांच्या चार पट्ट्या द्या."

पाहुण्यांच्या मनगटाला पिवळी कागदी पट्टी बांधायची रीत होती. मॅनेजर बाजूला झाला. गेटवालीनं आधी नातीला पट्टी बांधली, मग लेकीला, मग बायकोला. पानेकाकांचं मनगट जाड, म्हणून तिनं पट्टी अगदी शेवटच्या टोकाला चिकटवली आणि चिकटवता चिकटवता त्यांचा हात हळूच दाबला.

"तिसऱ्या वळणाला डावीकडे घे," ते लेकीला म्हणाले.

त्यांचं खरं नाव रिसॉर्टवर कुणाच्या तोंडी नव्हतं. कमरेच्या पट्ट्यात कायम पाना, म्हणून पानेकाका. रिसॉर्टच्या एका अंगाला पाळणे, घसरगुंड्या आणि नागीण नावाचा रोलरकोस्टर. दुसऱ्या अंगाला तळ्याकाठी मोटारहोम लावायच्या साठ जागा. दर जागेला एक नळ, एक विजेची पेटी आणि सांडपाण्याचं एक तोंड. गाड्यांमधलं न्हाणं-धुणं, संडास, सगळं त्या तोंडातून जमिनीखालच्या पाइपात जायचं. तो पाइप सत्तावीस वर्षांपूर्वी पानेकाकांनी स्वतःच्या हातांनी घातला होता, आणि तेव्हापासून तो जिथं जिथं रुसेल तिथं तिथं जाऊन त्याची समजूत काढणं हे त्यांचं काम होतं. राहायला रिसॉर्टच्या भिंतीमागच्या चाळीत दोन खोल्या होत्या, म्हणजे हाकेच्या अंतरावर. आणि हाक कधीही येई. लेकीच्या लग्नात ते पंगतीतून उठून गेले होते आणि परत आले तेव्हा अंगात दुसराच शर्ट होता. ताटावर दुसरं ताट पालथं घालायची बायकोला इतकी सवय झाली होती, की कधी कधी ते पोटभर जेवून उठले तरी ती त्यांचं रिकामं ताट झाकून ठेवायची.

गेल्या सुट्टीत नात आठ दिवस राहायला आली होती. पाचव्या दिवशी तिनं आजीला विचारलं, "आजी, आजोबा कुठं राहतात?"

बायकोनं हे त्यांना गंमत म्हणून सांगितलं. सांगताना ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. ते मात्र हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी लेकीला फोन केला आणि तिला तारखा सांगितल्या. रजेच्या अर्जाखाली त्यांनी आणखी दोन ओळी लिहिल्या होत्या: माझ्या जागी या तीन दिवसांसाठी माणूस नेमावा. सात आणि आठ नंबरच्या मधला पाइप कधीही तुंबेल. मॅनेजरनं सही केली होती. खालच्या दोन ओळी वाचल्या होत्या की नाही, कोण जाणे.

अकरा नंबरला मोठ्या झाडाची सावली होती. गाडी लागली. आपल्या गाडीच्या नळ्या पाहुण्यांनीच जोडायच्या असत. पानेकाकांनी बाह्या सरसावल्या आणि दोन मिनिटांत पाणी, वीज, सांडपाणी सगळं जोडून हात धुतले. शेजारी बारा नंबरला एक दाढीवाला गृहस्थ अर्ध्या तासापासून आपल्या नळीशी झोंबत होता. पायात चपला, अंगात फुलाफुलांचा शर्ट, आणि शर्टवर अर्धं तळं.

"ती उलटी धरलीय तुम्ही," पानेकाका म्हणाले.

त्यानं नळी सुलटी केली. बसली. "बरेच मुरलेले दिसता या कामात! किती वर्षं करताय हे?"

"सत्तावीस."

"सत्तावीस!" दाढीवाल्यानं आपल्या बायकोला हाक मारली. "अगं, ऐकलंस का? हे सत्तावीस वर्षं कॅम्पिंग करतायत."

पानेकाकांच्या बायकोनं तोंडाला पदर लावला आणि ती घाईनं गाडीत गेली.

दाढीवाला गप्पिष्ट निघाला. कुठल्याशा मोठ्या ऑफिसात कामाला होता. सांगत होता, की गेल्या सुट्टीत ऑफिसनं त्याला इतके फोन केले की मुलांनी त्याला पाण्यात ढकलून दिलं, फोनसकट. "म्हणून या वेळी बायकोनं फोन बिस्किटांच्या डब्यात घातलाय. वरून चिकटपट्टी लावलीय. ऑफिस बुडलं तरी चालेल, म्हणते."

"शहाणी आहे," पानेकाका म्हणाले.

संध्याकाळी ते सगळे पाळण्यांकडे गेले. बायकोला नागिणीत बसायचं होतं. भिंतीमागच्या खोलीत तिला नागीण दिसत नसे, फक्त ऐकू येई. दर चार मिनिटांनी तीस माणसं एकदम किंचाळायची. सुरुवातीचं वर्षभर तिचं डोकं दुखायचं. मग तिनं त्याचं घड्याळच केलं. एका किंचाळीला अंडी टाकायची आणि तिसरीला काढायची. रिसॉर्टच्या धुलाईखान्यात एकोणीस वर्षं तिनं पाहुण्यांचे पंचे धुतले, वाळवले, घडी केले. धुलाई बाहेर द्यायला लागले तेव्हा तिला घरी बसवलं. एवढ्या वर्षांत या बाजूला ती पंच्यांची गाडी ढकलत आली होती, तेवढीच.

"आई, तुझा बीपी," लेक म्हणाली.

"बीपीला खाली थांबू दे," ती म्हणाली आणि रांगेत जाऊन उभी राहिली.

पानेकाका तिच्या शेजारी बसले. लोखंडी दांडा पोटावर आला. गाडी टकटक करत चढली, वर गेली, क्षणभर थांबली. तिथून त्यांची चाळ दिसली, दोरीवर वाळत घातलेला त्यांचा कामाचा निळा शर्टही दिसला. मग पोट वरच राहिलं आणि ते खाली गेले. बायको किंचाळली. अशी किंचाळली, की पुढच्या डब्यातल्या पोरांनी वळून बघितलं.

खाली उतरल्यावर तिचे केस पिंजारलेले होते आणि आवाज बसला होता. नातीनं विचारलं, "आजी, भीती वाटली?"

"छे गं. एकोणीस वर्षं घड्या घालून गप्प बसले होते, तेवढं काढून टाकलं." आणि मग पानेकाकांकडे बघत म्हणाली, "अहो, माझी किंचाळी जास्तीची मोजून चाळीत कुणाचं तरी अंडं आज नक्की कच्चं राहिलं असणार."

ते रोजच येणारे असल्यासारखे आणखी दोनदा बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायला बसले होते. झाडाखाली घडीचं टेबल, त्यावर पाव, उकडलेले बटाटे, अंडी, कापलेले टोमॅटो. वास आधी पानेकाकांनाच आला. त्यांनी पावाचा तुकडा मोडला, थांबले आणि तो तोंडात घातला. बायकोनं त्यांच्याकडे बघितलं. तिलाही कळलं.

दहा मिनिटांनी सगळ्यांनाच कळलं. आठ, नऊ, दहा, सगळ्यांच्या सांडपाण्याच्या तोंडांतून काळं पाणी वर येत होतं. कुणीतरी ओरडलं. कुणाची पोरं गाडीच्या टपावर चढली. मॅनेजर जवळजवळ पळतच आला, आणि सरळ अकरा नंबरला.

"काका, बरं झालं तुम्ही इथंच आहात. जरा बघता का? दहा मिनिटांचं काम."

बायकोचा हात आपोआप दुसऱ्या ताटाकडे गेला. तिनं ते उचललंही. पानेकाकांनी ते तिच्या हातातून घेतलं आणि परत टेबलावर ठेवलं.

"मी रजेवर आहे, साहेब."

"हो हो, माहितेय. पण ही इमर्जन्सी आहे ना."

"माझ्या जागी माणूस नेमा असं लिहून दिलं होतं."

"कंत्राटदाराला फोन केलाय. त्याला यायला दोन तास लागतील. तोवर या लोकांनी करायचं काय?"

"वरचं न्हाणीघर उघडा. मोठ्या बंगल्यांसाठी राखून ठेवलंय ते. त्याची लाइन वेगळी आहे. सगळ्यांना तिकडे पाठवा, आणि इथले नळ बंद करायला सांगा. दोन तास आरामात निघतील. तुंबलंय सात आणि आठच्या मधे. झाकण उघडलंत की दिसेल. झाडाची मुळं पाइपात शिरलीत. पाच वर्षं मी लिहून देतोय, हा पाइप बदला. पाच वर्षं मी हात घालून मुळं उपटतोय, आणि मी उपटली की तुम्हाला पाइप बदलावासा वाटत नाही."

"बदलू हो, नक्की बदलू. पण आत्ता..."

"आत्ता मी जेवतोय."

आजूबाजूला माणसं जमली होती. दाढीवाला पुढं आला. त्याच्या चेहऱ्यावर आधी गोंधळ होता, मग सगळा उलगडा झाला. "म्हणजे तुम्ही इथले प्लंबर आहात? अहो मग उठा की, काका! पोरांना मळमळायला लागलंय."

पानेकाकांनी त्याच्याकडे वळून बघितलं. रागानं नाही. "तुमचा फोन बिस्किटांच्या डब्यात आहे ना?"

"हो, पण..."

"माझा पानाही तिथंच आहे असं समजा."

दाढीवाल्याची बायको मागून म्हणाली, "बरोबर बोलतायत ते. चला, पोरांना घ्या आणि वरच्या न्हाणीघराकडे चला. आणि अहो साहेब, किल्ली आणा की, बघताय काय?"

मॅनेजरनं लेकीकडे मोर्चा वळवला. "ताई, तुम्ही शिकलेल्या आहात. तुम्ही तरी समजवा."

पानेकाकांनी लेकीकडे बघितलं आणि लगेच नजर ताटात वळवली. इतक्या लोकांच्या देखत ती दोघं समोरासमोर यापूर्वी एकदाच आली होती. ती सातवीत असताना तिच्या शाळेची सहल इथंच आली होती. पोरींची रांग नागिणीकडे चालली होती आणि नेमके त्याच वेळी ते वाटेतल्या सांडपाण्याच्या खड्ड्यातून डोकं वर काढत होते, केसांपासून हनुवटीपर्यंत चिखलानं माखलेले. त्यांनी तिला बघून हात हलवला होता. पोरी नाकं दाबून हसल्या होत्या. लेक दुसरीकडे बघत पुढं गेली होती. त्यांनी खाली उतरून झाकण ओढून घेतलं होतं आणि रांग जाईस्तोवर आत उभे राहिले होते. त्या संध्याकाळी घरी कुणी काही बोललं नाही, आणि नंतरही कधी नाही.

लेक उभी राहिली. तिचे कान लाल झाले होते.

"साहेब, आम्ही इथं पैसे भरून आलोय. आमची जेवायची वेळ आहे. माझ्या वडिलांनी तुम्हाला काय करायचं ते सांगितलंय, खरं तर तेवढंसुद्धा त्यांनी सांगायला नको होतं. आता तुम्ही जाऊन झाकण उघडा."

"मी?"

"इथं स्टाफ तुम्हीच दिसताय."

कुणीतरी हसलं. मॅनेजरचं तीन वर्षं टिकलेलं हसू तेव्हा पहिल्यांदा गेलं. तो टेबलावर वाकला आणि फक्त पानेकाकांना ऐकू जाईल अशा बेतानं बोलला, पण बायकोनंही ते ऐकलं.

"काका, ती पट्टी काढा आणि कामाला लागा. नाहीतर सोमवारी यायची गरज नाही. खोल्याही रिसॉर्टच्या आहेत, हे लक्षात ठेवा."

पानेकाकांनी बटाट्याचा तुकडा मीठ लावून तोंडात घातला. सावकाश चावून गिळला. निवृत्तीला चौदा महिने राहिले होते. वर ते पाणी प्यायले.

"बरं," ते म्हणाले. "सोमवारी नाही येत. पण अकरा नंबरचं बुकिंग उद्या सकाळी अकरापर्यंत आहे. तोवर परत इथं येऊ नका."

मॅनेजर गेला. वरच्या न्हाणीघराची किल्ली आली. थोड्या वेळानं सात आणि आठच्या मधे तो पांढऱ्या शर्टात, नाकाला रुमाल बांधून झाकणाशी खटपट करताना दिसला. झाकण एका बाजूनं उचललं की दुसऱ्या बाजूनं बसायचं. ते कसं उचलायचं हे पानेकाकांना माहीत होतं; आधी पायानं जरा सरकवावं लागतं. त्यांचा उजवा पाय टेबलाखाली दोनदा हलला. ते उठले नाहीत.

"अजून एक अंडं घ्या," बायको म्हणाली.

"पोट भरलं."

"घ्या हो. गरम आहे. तुमच्या पानात गरम अंडं मी शेवटचं कधी वाढलं, मलाच आठवत नाही."

त्यांनी घेतलं. नातीनं विचारलं, "आजोबा, ते काका रागावले?"

"हो."

"तुम्ही सॉरी म्हणणार?"

"नाही."

"बरं," ती म्हणाली, आणि त्यांच्या मांडीवर चढून बसली. मनगटावरची त्यांची पट्टी आणि आपली पट्टी तिनं शेजारी शेजारी धरून बघितली. जेवण संपेपर्यंत ती उतरली नाही.

संध्याकाळी उन्हं तिरपी झाली तेव्हा बायको नातीला घेऊन तळ्याकडे गेली. लेक भांडी विसळत होती. पाठमोरीच म्हणाली, "खोल्या कधीपर्यंत सोडायला लावतील?"

"महिना देतील. द्यावाच लागेल."

"माझ्याकडे या."

"येऊ थोडे दिवस. मग बघतो. नळ सगळीकडे गळतात."

ती एकच ताटली पुन्हा पुन्हा घासत राहिली.

"बाबा, सहलीच्या दिवशी मी तुम्हाला बघितलं होतं."

"माहितेय."

"तुम्ही हात केला होता."

"हं."

"मग तुम्ही झाकण लावून घेतलंत."

पानेकाकांनी मान हलवली. "आत पाणी वाढत होतं. खाली उतरावंच लागलं."

त्या खड्ड्यात पाणी वाढत नसतं हे तिला माहीत नव्हतं, पण वडिलांचा आवाज माहीत होता. तिनं ताटली खाली ठेवली आणि त्यांच्या शेजारी येऊन बसली. तिचे हात ओले होते. ते तिनं पुसले नाहीत, तसेच त्यांच्या दंडाभोवती टाकले. दोघं तळ्याकडे बघत बसली. काठावर बायको साडी गुडघ्यापर्यंत खोचून पाण्यात उभी होती आणि नातीवर पाणी उडवत होती.

"उद्या तुम्ही गाडी चालवाल?" लेकीनं विचारलं. "गेटपर्यंत तरी?"

"मला मोठी गाडी येत नाही."

"मग मी हळू चालवते."

कंत्राटदाराची माणसं दोन तासांत नाही, चार तासांत आली होती. त्यांनी यंत्र लावून पाहिलं, पण मुळं इतकी दाटली होती की यंत्राची तारच तुटली. शेवटी पाइपच बदलायचा असं ठरलं. दाढीवाला हे सगळं बातमी आणावी तसं येऊन सांगून गेला. दुपारनंतर तो पहिल्यांदाच त्यांच्याकडे आला होता. जाता जाता थबकला, दाढी खाजवली. "काका, ते दुपारचं मनावर घेऊ नका."

"नाही घेतलं. नळी नीट बसलीय का तुमची?"

"बसलीय."

"मग झालं तर."

सकाळी सगळे आणखी एकदा नागिणीकडे गेले. या वेळी नातीनं हट्ट केला, पण तिची उंची दोन बोटं कमी भरली. खालच्या माणसानं दुःखी चेहऱ्यानं उंची मोजायची पट्टी दाखवली. पानेकाकांनी तिथं मात्र हुज्जत घातली नाही. "हा नियम बरोबर आहे," ते तिला म्हणाले, आणि तिला खांद्यावर बसवून बायको आणि लेक वर जाऊन खाली येईपर्यंत उभे राहिले.

अकराला दहा मिनिटं कमी असताना त्यांनी नळ्या सोडल्या, गुंडाळल्या, जागा झाडून काढली. बायकोनं रिसॉर्टचे पंचे घडी करून बाकावर ठेवले, कडेला कड लावून. एका पंच्याची कड उसवली होती. तिनं ती बोटानं चाचपून बघितली, चुकचुकली, आणि तो सगळ्यात खाली सरकवला.

गाडी निघाली. लेक खरंच हळू चालवत होती. दहा, नऊ, आठ. सातच्या अलीकडे वाटेत मातीचा ढीग होता. कंत्राटदाराचे तिघेजण खणत होते. कमरेइतका खड्डा झाला होता आणि त्यात पाइपाचा पत्ता नव्हता. एकजण हातातल्या जुन्या नकाशाकडे बघत होता. नकाशात पाइप सरळ रेघेत दाखवला होता. सत्तावीस वर्षांपूर्वी त्या रेघेत एक मोठा खडक लागला होता, आणि पानेकाकांनी पाइप त्याला वळसा घालून नेला होता. हे कुठल्या कागदावर नव्हतं.

"थांबव जरा," ते म्हणाले.

लेकीनं गाडी थांबवली. त्यांनी काच खाली केली.

नकाशावाला वर बघून म्हणाला, "जायला जागा आहे हो, जाऊ द्या गाडी."

पानेकाकांनी खड्ड्याकडे बघितलं, मग बाजूच्या गवताकडे. गवत तिथं जरा जास्त हिरवं होतं. त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि बोट दाखवलं.

"तिथं नाही मिळणार. डावीकडे चार पावलं जा. दीड हात खाली लागेल. जपून मारा, तिथं जोड आहे."

"तुम्हाला कसं माहीत?"

त्यांनी काच वर घेतली. लेकीनं गियर टाकला. गाडी गेटकडे वळायच्या आधी बाजूच्या आरशात त्यांना दिसलं, की त्या माणसानं नकाशाची घडी करून खिशात घातली होती. तो खड्ड्याच्या कडेला उभा राहून पावलं मोजत होता. चौथ्या पावलाला थांबला, टाचेनं जमिनीवर खूण केली, आणि मागं न बघता कुदळीसाठी हात पुढं केला.